जंपर लावूनही ट्रक सेल्फ घेत नाही? आधी केबल तपासा

ही तक्रार वर्षभर येत असते आणि थंडीत हमखास वाढते. ट्रकची बॅटरी डाऊन झाली, दुसरी गाडी शेजारी लावली, तिच्या बॅटरीतून करंट आणणारे जंपर केबल जोडले, चावी फिरवली आणि सेल्फमधून, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरमधून, नुसता कट-कट आवाज आला. डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण चावी मारली की मंद होतात. इंजिन अर्धा वेढा घेतं आणि अडतं. केबलला हात लावला तर ती गरम असते, चिमट्याजवळ तर चटका बसावा इतकी. तेच जंपर कारला लावले की कार पहिल्या चावीला सुरू होते, म्हणून केबलवर कोणाचा संशय जात नाही. मग सेल्फ उतरवला जातो, त्यातले कार्बन (करंट पोचवणारे ब्रश) बदलले जातात, सेल्फ पुन्हा बसतो, आणि पुढच्या वेळी बॅटरी उतरली की परत तीच कट-कट.

माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी सेल्फच्या नटाला पाना लावण्याआधी जंपर केबल तपासायला हवी. ट्रकसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलींपैकी बऱ्याच केबली ट्रकच्या कामाच्या नसतात, आणि पाकिटावर जे छापलेलं असतं त्यावरून ते कळतही नाही.

केबलमध्ये व्होल्ट कसे खर्च होतात

कारचा सेल्फ एक-दोन किलोवॅटचा असतो. मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ साधारण ४ ते ७ किलोवॅटचा. इंजिन फिरत असताना तो काहीशे अँपिअर ओढतो, आणि इंजिन जागचं हलण्याआधी, अगदी पहिल्या क्षणाला, हा आकडा हजाराच्या आसपास किंवा वरही जाऊ शकतो. एवढा करंट ज्या तारेतून जातो त्या तारेत व्होल्ट पडतात. किती पडतात याचा हिशोब सोपा आहे आणि तो एकदा स्वतः करून बघावा.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या (म्हणजे कापलेल्या टोकाचं क्षेत्रफळ तेवढं असलेल्या), एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स साधारण ०.०१७२ ओहम असतो. जाडी वाढली की तो त्याच पटीत कमी होतो, लांबी वाढली की त्याच पटीत वाढतो. लांबी धरताना लाल आणि काळी अशा दोन्ही तारा धरायच्या, कारण करंट एकीतून जातो आणि दुसरीतून परत येतो. म्हणजे ६ मीटरच्या जोडीची खरी लांबी १२ मीटर.

आता ४०० अँपिअर धरून बघा. ६ मीटरची जोडी १६ चौरस मिमीची असेल तर तिच्यात ५.२ व्होल्ट पडतात. २५ ची असेल तर ३.३, ३५ ची असेल तर २.४, ५० ची असेल तर १.६५ आणि ७० ची असेल तर १.२. हे फक्त तारेचं झालं, चिमट्यांचं नुकसान वेगळं. समजा मदत करणाऱ्या २४ व्होल्टच्या ट्रकच्या टर्मिनलवर त्या क्षणी २३ व्होल्ट आहेत. १६ च्या केबलमधून पलीकडे पोचेपर्यंत १८ सुद्धा उरत नाहीत, आणि चिमटे हलक्या दर्जाचे असतील तर आणखी एक-दीड जातो. सेल्फचा सोलेनॉइड (त्याला करंट जोडणारा चुंबकी स्विच) आत ओढला जातो, लोड आला की व्होल्ट कोसळतात, सोलेनॉइड सुटतो, व्होल्ट परत चढतात, तो पुन्हा ओढला जातो. कट-कट आवाज तो हाच. सेल्फमध्ये काही बिघडलेलं नसतं.

केबल गरम का होते, तेही याच आकड्यांत आहे. ५.२ व्होल्ट गुणिले ४०० अँपिअर म्हणजे दोन हजार वॅटहून जास्त. एवढी उष्णता सेल्फ चालू असेपर्यंत त्या तारेतच जिरत असते.

जगात बहुतेक मोठे ट्रक २४ व्होल्टचे, म्हणजे दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीपुढे एक, व्होल्टची बेरीज होईल अशा) जोडलेले. उत्तर अमेरिकेतले अवजड ट्रक मात्र १२ व्होल्टवर चालतात, त्यांत तीन-चार बॅटऱ्या पॅरलल (व्होल्ट तेवढेच राहतील अशा) असतात. तुमची गाडी १२ व्होल्टची असेल तर जपून, कारण तेवढ्याच ताकदीसाठी करंट दुप्पट लागतो. वर केलेला हिशोब ८०० अँपिअरने करून पाहा: १६ ची केबल एकटी दहा व्होल्ट खाते. बारातले दहा गेल्यावर सेल्फला काय मिळणार?

मग किती जाडीची घ्यायची

२४ व्होल्टच्या ट्रकला केबल ४-५ मीटरच्या आत असेल तर ३५ चौरस मिमी ही खालची मर्यादा समजावी. मी स्वतः ५० सुचवतो. लांबी ६ मीटरच्या पुढे गेली की ७०. १२ व्होल्टच्या अवजड गाडीला ७० पासून सुरुवात करावी आणि लांबीप्रमाणे वर जावं. केबल जड होते, गुंडाळायला त्रास होतो, हे मान्य. पण ट्रकमध्ये चार-पाच किलो वजन जास्त झालं म्हणून काही अडत नाही, रस्त्याकडेला रात्र काढावी लागली की अडतं.

लांबी ठरवताना दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहतील असं धरू नका. ट्रकची बॅटरी बहुधा चासीच्या एका बाजूला, केबिनच्या मागे पेटीत असते. दुसरी गाडी नेमकी त्या बाजूला लागेलच असं नाही, विशेषतः अरुंद रस्त्यावर किंवा मागे ट्रेलर असताना. त्यामुळे कारसाठी मिळणारी अडीच-तीन मीटरची जोडी बऱ्याचदा पोचतच नाही. आणि ती पुरत नाही म्हणून कोणी दोन जोड्या चिमट्याला चिमटा लावून जोडल्या, तर लांबीही दुप्पट होते आणि चार चिमटे वाढतात. तसं करू नये. आपल्या ट्रकच्या बॅटरीपेटीपासून केबिनच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर एकदा टेपने मोजा, त्यात दुसऱ्या गाडीच्या बॅटरीपर्यंतचं अंतर मिळवा, आणि जेवढं भरेल तेवढीच लांबी घ्या. जास्त लांब केबल ‘असू द्या’ म्हणून घेतली तर प्रत्येक जादा मीटरला व्होल्ट मोजावे लागतात.

पाकिटावरचे आकडे

‘१००० अँपिअर’, ‘२००० अँपिअर’, ‘हेवी ड्यूटी’. यातल्या कशालाही, सोबत चौरस मिमी आणि लांबी लिहिलेली नसेल तर, काही अर्थ नाही. तार किती वेळ आणि किती तापेपर्यंत तेवढा करंट वाहील, त्यात किती व्होल्ट पडतील, हे न सांगता अँपिअरचा आकडा कितीही मोठा छापता येतो. तुलनेसाठी जंपर केबलचं जर्मन मानक घ्या, डीआयएन ७२५५३. त्यात १६ चौरस मिमीच्या केबलला २२० अँपिअर धरलेत, २५ ला ३५० आणि ३५ ला ४८०. हे आकडे डोक्यात ठेवले की बोटाएवढी बारीक केबल आणि तिच्यावर हजाराचा आकडा दिसल्यावर काय समजायचं ते समजतं.

गेज लिहिलेलं असेल तर आकडा लहान तेवढी तार जाड. अमेरिकन वायर गेजमध्ये ४ गेज म्हणजे सुमारे २१ चौरस मिमी, २ गेज म्हणजे ३४ च्या जवळपास, १/० म्हणजे ५३ आणि २/० म्हणजे ६७. मात्र गेजच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि कुठली वापरली ते पाकिटावर नेहमी लिहिलेलं नसतं. म्हणून दुकानदाराला सरळ ‘किती स्क्वेअर एमएम’ हेच विचारा.

बाहेरून दिसणाऱ्या जाडीवर तर मुळीच जाऊ नका. रबराचा थर जाड करून आत मूठभर तारा घातलेली केबल बाहेरून ५० ची वाटते. चिमट्याचं प्लॅस्टिकचं कव्हर मागे सरकवून केबलचं टोक बघा. ५० चौरस मिमीच्या बारीक तारांच्या तांब्याचा जुडगा साधारण ९ ते १० मिलिमीटर व्यासाचा भरतो. तिथे पेन्सिलीपेक्षा बारीक जुडगा दिसला तर बाकी सगळं रबर आहे.

तांबं आहे की दुसरं काही, हा त्याहून मोठा प्रश्न. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा सर्रास वापरतात, अशा केबलीवर कधीकधी बारीक अक्षरात ‘सीसीए’ असं लिहिलेलं असतं. या तारेतून करंट तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्केच चांगला वाहतो. म्हणजे ५० ची म्हणून घेतलेली केबल प्रत्यक्षात तांब्याच्या ३०-३२ ची ठरते. ओळखायला एक तार ब्लेडने खरवडा: आत पांढरट चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम, लालसरच राहिली तर तांबं. दुकानात खरवडता येत नसेल तर वजन करा. ५० चौरस मिमी तांबं मीटरला साधारण ४४५ ग्रॅम भरतं, म्हणजे ६ मीटरच्या जोडीत नुसतं तांबंच सव्वापाच किलोच्या वर हवं, रबर आणि चिमटे सोडून. मुलाम्याच्या तारेचं तेच वजन दोन किलोच्या आसपास येतं. जोडी हातात घेतल्यावर हलकी लागली तर ती ठेवून द्या, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्म्या खोट्या केबली बाजूला पडतात.

चिमटे

चांगली केबल वाईट चिमट्यामुळे वाया गेलेली मी वारंवार पाहतो, आणि हा दोष लोकांच्या नजरेतून सर्वांत जास्त सुटतो. चिमटा उघडून नीट बघा. त्याला दोन जबडे असतात. स्वस्त चिमट्यात केबल एकाच जबड्याला दाबून बसवलेली असते, दुसरा जबडा मोकळा. त्या दुसऱ्या जबड्यातून करंट जायचा तर बिजागरीच्या पिनमधून आणि स्प्रिंगमधून जायचा. त्या पिनचा संपर्क असून नसल्यासारखा, वर गंज आणि तेल. म्हणजे तुमच्या ५० चौरस मिमीच्या केबलचा सगळा करंट एका जबड्याच्या दोन-तीन दातांच्या टोकांवरून बॅटरीच्या टर्मिनलवर उतरतो. तिथेच ठिणग्या उडतात, तिथेच शिसं वितळून टर्मिनलवर खड्डे पडतात, आणि तिथेच प्लॅस्टिक मऊ होतं. चांगल्या चिमट्यात दोन्ही जबडे तांब्याच्या वेणीने किंवा पट्टीने एकमेकांना जोडलेले असतात, आणि केबलचं टोक नुसतं पत्रा दुमडून दाबलेलं नसून नीट क्रिंप केलेलं (अवजाराने घट्ट चेपून बसवलेलं) असतं, वर सोल्डर असेल तर आणखी बरं.

लोहचुंबक जवळ ठेवा. जबड्याला चिकटला तर तो लोखंडाचा आहे, तांब्याचा रंग वरून दिलाय. स्प्रिंगला चिकटणारच, स्प्रिंग पोलादाचीच असते.

स्प्रिंग इतकी कडक हवी की एका हाताने दाबताना जोर लागावा. जबडा पुरेसा उघडायलाही हवा. ट्रकच्या टर्मिनलवर जाड लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) बसलेला असतो, त्यावर दोन-तीन वायरी आणि नटबोल्ट, आणि कारचा चिमटा त्यावर तिरका बसतो. तिरका बसलेला चिमटा इंजिनाच्या थरथरीने सुटतो.

रबराचाही विचार करा. साध्या पीव्हीसीची केबल कडक थंडीत काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की तडकते. रबर किंवा सिलिकॉनचं आवरण थंडीतही मऊ राहतं. आतल्या तारा जेवढ्या बारीक आणि जास्त, तेवढी केबल लवचीक.

दोष नक्की कुठे आहे, ते मीटरने

अंदाज पुरे, आता मोजायचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब मदत करणाऱ्या गाडीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शिशावर टेकवा, चिमट्यावर नाही. दुसरी प्रोब बंद ट्रकच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शिशावर. प्रोबच्या वायरी तेवढ्या पोचत नसतील तर साधी बारीक वायर जोडून लांब करा, मोजण्यासाठी ती चालते. आता कोणाला तरी चावी मारायला सांगा आणि त्या दोन-तीन सेकंदांत मीटर वाचा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट लाल केबल आणि तिचे दोन चिमटे मिळून खातायत. काळ्या बाजूचंही असंच मोजा आणि दोन्हींची बेरीज करा.

२४ व्होल्टच्या गाडीत बेरीज दीड-पावणेदोनच्या आत असेल तर केबलला दोष देऊ नका. तीन-चारच्या वर गेली तर दोष सापडला. मग टर्मिनलचं शिसं आणि चिमट्याचा जबडा यांच्यामध्ये वेगळं मोजा. बरेचसे व्होल्ट तिथेच दिसले तर चिमटा किंवा मळलेलं टर्मिनल. टर्मिनल ब्रशने घासून लखलखीत करा, चिमटा थोडा फिरवून दात शिशात रुतवा आणि पुन्हा मोजा. इथे कमी आणि केबलभर जास्त असेल तर केबलच बारीक आहे, घासून काही होणार नाही.

बेरीज कमी, बंद ट्रकच्या बॅटरीवर चावी मारताना २० व्होल्टच्या वर, तरी सेल्फ फिरत नाही? मग सेल्फ किंवा इंजिन आणि चासीमधली अर्थची (निगेटिव्ह जोडणारी) पट्टी बघायची वेळ आली. आणि चावी मारूनही केबलवर जवळजवळ शून्य दिसलं तर करंट वाहतच नाहीये. तेव्हा बॅटरीचा कटऑफ स्विच, फ्यूज, सेल्फचा रिले आणि गिअर न्यूट्रलला आहे का, या क्रमाने बघा. कटऑफ स्विच बंद राहिल्यामुळे जंपर लावत बसलेले ड्रायव्हर भेटतातच.

जोडणी

इथे चूक झाली तर नुकसान मोठं होतं, म्हणून हे नीट वाचा. १२ व्होल्टची कार २४ व्होल्टच्या ट्रकला लावायची नाही, आणि २४ चा ट्रक १२ च्या गाडीला तर मुळीच नाही, इसीएम (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) जळेल. २४ व्होल्टच्या जोडीत एका बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दुसरीच्या निगेटिव्हपर्यंत मधली पट्टी असते. त्या पट्टीच्या टोकांना चिमटा लावायचा नाही. जंपरचा लाल चिमटा जिथून पॉझिटिव्ह गाडीकडे जातो त्या टर्मिनलला लागतो. एकाच बॅटरीच्या दोन टर्मिनलांना २४ व्होल्ट लावले गेले तर ती बॅटरी उकळून फुटू शकते. पेटीत वायरींची गर्दी असेल तर वायर हाताने धरून ती कुठे जाते ते बघा, रंगावर विसंबू नका.

आधी लाल, दोन्ही बाजूंना. मग काळा मदत करणाऱ्या गाडीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा चिमटा बंद ट्रकच्या इंजिन ब्लॉकला किंवा रंग नसलेल्या चासीच्या जाड लोखंडाला, बॅटरीपेटीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो, हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो. काढताना उलट क्रम. थंडीत गोठलेल्या बॅटरीला जंपर लावायचा नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पातळ झालेलं असतं आणि शून्याखाली थोड्याच अंशांवर ते गोठतं.

जोडल्यावर लगेच चावी मारायची घाई लोक करतात. दहा मिनिटं थांबा, दुसऱ्या गाडीचं इंजिन थोड्या वाढीव आरपीएमवर चालू ठेवा. एवढ्या वेळात उतरलेल्या बॅटरीत थोडा चार्ज जातो आणि सेल्फला लागणाऱ्या करंटचा काही भाग ती स्वतः देते, केबलवर तेवढा भार कमी. बारीक केबलवरही कधीकधी ट्रक सुरू होतो तो यामुळे. चावी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये दोन मिनिटं जाऊ द्या. चावी मारताना मदत करणाऱ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं की बंद, याबाबत कंपन्यांच्या सूचना वेगवेगळ्या आहेत, आपल्या गाडीची पुस्तिका पाहून घ्या.

पण जंपर पुन्हा पुन्हा का लागतोय?

योग्य केबल घेतली, ट्रक सुरू झाला, दोन दिवसांनी परत डाऊन. इथे केबलचं काम संपलं. गाडी चालू असताना बॅटरीवर २७.६ ते २८.८ व्होल्ट दिसत नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. चार्जिंग ठीक असेल तर गाडी काही तास उभी ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. भरलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे संपलेली. एक १२.६ आणि दुसरी १२.१ दाखवत असेल तर बहुधा कोणीतरी रेडिओ, मोबाइलचा चार्जर किंवा ट्रॅकर फक्त एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टला जोडलाय. ती बॅटरी रोज थोडी रिकामी होते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही मरतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा आणि तो दोन्ही बॅटऱ्यांच्या एकत्र टोकांवरून घ्या. एकट्या बॅटरीच्या जागी नवी घातली तरी हाच असमतोल सुरू होतो, म्हणून जोडी एकदमच बदलायची.

दोन्ही सारख्याच उतरत असतील तर गाडी बंद असताना काहीतरी करंट ओढतंय. अर्धा अँपिअर ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोन दिवसांत तो २४ अँपिअर-तास खातो. निगेटिव्ह टर्मिनल सुटं करून मधे मीटर अँपिअरवर लावा आणि एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, ती लाइन दोषी. मीटर मधे असताना चावी मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

वापरून झाल्यावर चिमटे कोरड्या फडक्याने पुसा, ॲसिड लागलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन वाळवा, आणि केबल चिमट्याच्या तोंडाशी न मोडता मोठे वेढे घेऊन ठेवा. तारा तुटतात त्या नेहमी तिथेच, कव्हरच्या आत, बाहेरून काही दिसत नाही. वर्षातून एकदा कव्हर मागे सरकवून बघा. जुडग्यातल्या तारा तुटलेल्या किंवा हिरव्या पडलेल्या दिसल्या तर तेवढं टोक कापून चिमटा नव्याने क्रिंप करून घ्या, पूर्ण केबल बदलायची गरज नाही.